शिवल्यांचे कालवण: एक वाद आणि एक खाडी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याची चिठ्ठी आली होती. "सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान. मग पुढचे व्याख्यान शिंपल्यांच्या कालवणावर, हे कसे काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल ॲरिस्टॉटलने नोंदवलेली एक गोष्ट सांगतो. हेराक्लिटसला भेटायला काही पाहुणे आले, तर तो चुलीपाशी शेकत बसलेला. एवढा मोठा विचारवंत आणि स्वयंपाकघरात? पाहुणे दारातच घुटमळले. तो म्हणाला, या की आत, देव इथेही आहेत. ॲरिस्टॉटल ही गोष्ट सांगतो ती प्राण्यांच्या अवयवांवरच्या ग्रंथात, क्षुद्र आणि किळसवाण्या वाटणाऱ्या प्राण्यांचाही अभ्यास करावा हे पटवताना. चिखलातली शिवली त्यात बसायला हरकत नाही. तेव्हा परवानगी मिळाली असे धरून पुढे जाऊ.

आम्ही कळंबोलीत राहायला आलो 1988 साली. सिडकोची घरे नवी होती, झाडे गुडघ्याएवढी होती, आणि लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ सगळीकडे. त्या धुळीतून आठवड्यातून एक-दोनदा एक आगरी बाई डोक्यावर पाटी घेऊन यायच्या. मावशी म्हणायचो आम्ही. पाटीत कधी चिंबोऱ्या, कधी निवट्या, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे शिवल्या. पायरीवर पाटी उतरवून वाटे लावायच्या. त्या वेळी आमची आई आमच्याकडे असे. आई अलिबागकडची, आणि आमच्या सौभाग्यवती वेंगुर्ल्याच्या. पाटी उतरली की घरात वाद सुरू. आई म्हणायची "शिवल्या", सौ. म्हणायच्या "तिसऱ्या". आईचे म्हणणे, शिवलीला नारळ लागत नाही, तिचेच पाणी पुरे. सौ.चे म्हणणे, खोबऱ्याशिवाय तिसरी म्हणजे आजाऱ्याचे जेवण. आई चिंच काढायची, सौ. आमसुले. आम्ही काण्ट वाचत बसलेले असायचो, पण कान तिकडे.

"खरं कालवण असंच करतात" हे वाक्य त्या स्वयंपाकघरात आम्ही दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा ऐकले की पुढे आम्हाला त्या वाक्याचाच नाद लागला. खरे म्हणजे काय? पारंपरिक म्हणजे काय? कुठल्या तारखेपासूनचे पारंपरिक?

हा वाद आपल्याकडेच आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शिंपल्यांचा एक दाटसर रस्सा करतात, त्याला चाउडर म्हणतात. न्यू इंग्लंडचा चाउडर पांढरा: खारवलेले डुकराचे मांस, कांदा, बटाटा, शिंपले आणि दूध. न्यूयॉर्ककडचा, ज्याला मॅनहॅटन म्हणतात, तो लाल: त्यात दूध नाही, टोमॅटो. ऱ्होड आयलंडच्या काही भागात दूधही नाही नि टोमॅटोही नाही, नुसते शिंपल्यांचे स्वच्छ पाणी. आणि या तिघांत विस्तव जात नाही. 1939 साली मेन राज्याच्या विधिमंडळात स्लीपर नावाच्या एका सदस्याने विधेयकच आणले, की क्लॅम चाउडरमध्ये टोमॅटो घालणे बेकायदा ठरवावे. शिक्षा काय सुचवली होती म्हणे, तर अपराध्याने ऐन भरतीच्या वेळी पिंपभर शिंपले खणून काढावेत. कायदा काही झाला नाही. पण शिक्षेतली गंमत आपल्या आगरी-कोळी मावशीला लगेच कळली असती. भरतीला शिंपली सापडत नाही.

बरे, त्या पांढऱ्या चाउडरचे "मूळ" तरी पांढरे होते का? त्या देशात छापलेली चाउडरची जुनी कृती 23 सप्टेंबर 1751 च्या 'बॉस्टन इव्हिनिंग पोस्ट'मध्ये आहे. तीही पद्यात. त्यात कांदा आहे, डुकराचे मांस आहे, जहाजावरची कडक बिस्किटे आहेत, लाल मद्य आहे, मासा आहे. बटाटा नाही, दूध नाही, आणि शिंपलेही नाहीत! म्हणजे ज्या दुधाच्या अब्रूसाठी 1939 मध्ये विधेयक आले, ते दूध स्वतःच मागाहून आलेले पाहुणे. 1851 मध्ये हर्मन मेलविलने 'मोबी डिक' लिहिली, तोवर शिंपल्यांचा चाउडर इतका रुळला होता की त्याच्या नावाने कादंबरीत एक अख्खे प्रकरण आहे.

आता आपल्या कालवणाची तशीच झडती घेऊ. एकेक जिन्नस पाटावर ठेवू आणि त्याचे वय विचारू.

नारळ. हा म्हातारा आहे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई. त्याच्या दानांच्या यादीत नानंगोल गावच्या बत्तीस हजार नारळीच्या झाडांचा उल्लेख आहे, आणि दान घेणाऱ्यांत शूर्पारकचे, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचे लोक आहेत. तेव्हा या किनाऱ्यावर नारळाची दोन हजार वर्षांची तरी वहिवाट. सौ. जिंकल्या, असे वाटेल. थांबा.

कोकम सह्याद्रीचेच, पश्चिम घाटातले झाड. त्याला कोणी आणायला लागले नाही. चिंचही आपल्याकडे फार जुनी. हळद, आले, लसूण यांच्याबद्दल वाद नाही. पण मिरची? लाल भडक मसाल्याशिवाय आगरी कालवणाची कल्पना करून बघा. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला पोचले, 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या व्यापारातून सोळाव्या शतकात मिरची या किनाऱ्यावर उतरली. त्याआधीच्या कालवणात तिखटपणाला मिरी होती, आले होते. बटाटाही तिकडचाच. त्याचे आपल्याकडचे नाव तर सरळ पोर्तुगीज. टोमॅटो त्याहून अलीकडचा. आमची आजी त्याला बेलवांगे म्हणायची आणि संशयाने बघायची.

आमची आई नारळ घालत नसे, पण रस्सा वाढवायला बटाट्याच्या फोडी घालायची. आणि "हेच पारंपरिक" म्हणायची. बटाटा आणि मिरची, दोन्ही परदेशी! म्हणजे सासूचा वाद परंपरेच्या बाजूने कमी भरला. पण सौ.च्या मालवणी मसाल्यातून मिरची काढा, काय उरते? दोघींचीही कालवणे पाचशे वर्षांच्या आतली. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मासे कसे धरावेत आणि कसे रांधावेत हे आहे, कासव आणि खेकड्याचे पदार्थही आहेत. त्या राजाच्या पानावरच्या खेकड्याला मिरची माहीत नव्हती.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? एकही नाही, तरी रथ आहे. वर्गात हे शिकवताना आम्ही रथाऐवजी कधीकधी कालवणच घेत असू. नारळ म्हणजे कालवण का? मिरची म्हणजे? मुले हसायची, आणि परीक्षेत रथाऐवजी कालवण लिहून यायची.

नावांकडे मात्र नीट बघण्यासारखे आहे. चाउडर हा शब्द बहुतेकांच्या मते फ्रेंच 'शोदिएर'वरून आला, म्हणजे काईल, मोठे भांडे. पदार्थाला भांड्याचे नाव. जहाजावरचे, बंदरावरचे लोक, एक काईल, आणि त्यात सगळ्यांचे सगळे. आपले 'कालवण' कालवणे या क्रियापदावरून. भातात बोटांनी कालवायचे ते. म्हणजे आपण पदार्थाला जेवणाऱ्याच्या हाताचे नाव दिले. आणि गोव्याकडची 'एकशिपी' बघा. तिसरी उघडली की एका शिंपेत मांस ठेवायचे, दुसरी रिकामी शिंप काढून टाकायची, म्हणून एकशिपी. तिथे नाव रांधणाऱ्या बाईच्या विळीवरून पडले. तीन नावे, आणि तिघांनी पदार्थ तीन ठिकाणांहून पाहिलेला.

आता किनाऱ्याने खाली उतरू. भूगोलाच्या तासासारखे सगळे जिल्हे घेणार नाही, आम्ही जे खाल्ले तेवढेच.

रायगडच्या आगरी-कोळी घरात शिवल्यांना लसूण भरपूर, घरचा लाल मसाला, आंबटाला चिंच किंवा हंगामात कैरी. खोबरे असले तर थोडे. हे खाडीचे, खाजणाचे जेवण. भात जाडा, खाऱ्या शेतीतला, लाल. रस्सा पातळ, कारण खाणारी तोंडे जास्त. रत्नागिरीला गेलात की नाव बदलते, 'मुळे'. काळबादेवी, भाट्ये या खाड्यांचे मुळे आम्ही तिथल्या मित्राकडे खाल्लेत. तिथे ओले खोबरे सढळ, रस्सा आटवून अंगाबरोबर ठेवलेला. सिंधुदुर्गात तिसऱ्यांचे सुके: कांदा, मालवणी मसाला, आमसुले, आणि वरून ओल्या खोबऱ्याचा चव. तिथल्या मसाल्याला धण्याचा आणि भाजलेल्या मसाल्यांचा खमंगपणा असतो, तो आपल्या आगरी मसाल्यापेक्षा वेगळा. गोव्यात सारस्वतांची एकशिपी, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाची. आणि ख्रिस्ती घरांत 'शेक-शेक', तेही खोबऱ्याचेच पण वेगळ्या वळणाचे. तिथे 'खुबे' म्हणून जो काळसर शिंपला मिळतो तो वेगळी जात, कमी खाऱ्या पाण्यातली. आणखी खाली मंगळूरकडे तुळू लोक शिंपल्यांना 'मरवाय' म्हणतात आणि त्यात तांदळाच्या उकडीचे छोटे गोळे शिजवतात. आम्ही ते एकदाच खाल्ले, पण चाउडरमधल्या बिस्किटांची आठवण झाली. पोटभरीला रश्श्यातच पीठ घालायचे, ही युक्ती दोन्ही किनाऱ्यांना सुचली.

या फरकांचे कारण काय? लोक म्हणतात जात, लोक म्हणतात प्रांत. ते आहेच. पण आमच्या मते पहिले कारण शेजार. वेंगुर्ल्याच्या घराला परसात नारळ आहे, पनवेलच्या खाजणाला मिठागर आणि भाताचा खार आहे. माडाच्या बागा जिथे दारात, तिथे वाटप दाट. जिथे नारळ बाजारातून आणायचा, तिथे शिवलीच्या पाण्यावर भागवायचे, आणि मग तेच खरे असे म्हणायचे. गरजेला मागाहून तत्त्वाचे नाव देणे ही माणसाची जुनी खोड आहे. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांची तर फारच.

एक गोष्ट मात्र सगळीकडे एक. शिंपलीचे पाणी कोणी टाकत नाही. अलिबाग ते मंगळूर आणि तिकडे बॉस्टन, सगळ्या जुन्या बायका पाणी वाडग्यात धरतात, फडक्यातून गाळतात आणि मीठ शेवटी घालतात, कारण पाणी मुळातच खारट. त्या पाण्यात खाडी असते. हे वाक्य आम्ही कौतुकाने म्हणत असू. आता जरा चाचरत म्हणतो. का, ते सांगायचे आहे.

त्याआधी ती पाटी कुठून यायची ते बघू.

कळंबोली, रोडपाली, खिडुकपाडा, आसूडगाव, कामोठे ही गावे कासाडी नदी आणि पनवेल खाडीच्या काठची. भरतीचे पाणी आत येते, ओहोटीला परतते, मधे चिखल उघडा पडतो. या भागात पिढ्यान्पिढ्या मातीचे बांध घालून खाडीची जमीन भाताखाली आणली. बांधाला उघाडी असते, ओहोटीला ती उघडून आतले पाणी सोडायचे, भरतीला बंद. कुलाब्यात, म्हणजे आताच्या रायगडात, अशा बांधलेल्या खाऱ्या जमिनींना शिलोत्री म्हणत. बांधाच्या आत भात, बाहेर मिठागर किंवा तिवरांचे बन, आणि त्यापलीकडे उघडा पडणारा चिखल. भात पुरुषाच्या नावावर, मिठागर मालकाच्या नावावर. चिखल बायकांचा. म्हणजे कोणाच्याच नावावर नाही.

मावशींनी आम्हाला एकदा सांगितले होते कसे काढतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, ओहोटी खोल जाते, तेव्हा जायचे. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या सुमाराला, पाणी फारसे हटत नाही, तेव्हा फेरी वाया. चिखलात पाय घालून चाचपायचे, पायाला कळते. मग हात किंवा कोयत्याचे टोक. दोन-तीन तास वाकून. पाणी परत चढायच्या आत पाटी भरून बाहेर. पायाला कालवांच्या धारा लागतात, ती कापलेली बोटे त्यांनी आम्हाला दाखवली. पंचांग त्यांच्याकडे नव्हते, तिथी मात्र कधी चुकली नाही.

आता तारखा बघा. सिडकोची स्थापना 17 मार्च 1970. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या 95 गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घ्यायचे ठरले. (योगायोग असा की कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' याच साली आली. घराघरांत पाककृती छापील होऊ लागल्या आणि इथे पाककृतीखालची जमीन बदलू लागली.) मोबदल्यासाठी शेतकरी भांडले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला आंदोलन झाले, 16 आणि 17 तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व आले. या परिसरातल्या इतिहासातले ते मोठे पान आहे आणि आम्ही त्यापुढे मान झुकवतो. पण मोजदाद कशाची झाली? सातबाऱ्याची. भाताच्या खाचराला सातबारा होता. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाला सातबारा नव्हता, त्यामुळे शिवल्या काढणाऱ्या बाईचे काय गेले हे कुठल्या रकान्यात लिहायचे, तो रकानाच नव्हता.

रकाना असू शकतो, हे बऱ्याच वर्षांनी दिसले. जेएनपीटी बंदराच्या चौथ्या टर्मिनलच्या प्रकरणात 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 1,630 पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाखांवर भरपाई द्यायचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. पण निदान तत्त्व म्हणून एक गोष्ट कागदावर आली, की जमीन नावावर नसली तरी पाण्यावरची वहिवाट ही वहिवाट असते. आमच्या मावशींसाठी मात्र ते फार उशिरा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांचे येणे थांबले. शेवटी आल्या तेव्हा पाटीत शिवल्या होत्या, पण त्या उरणकडून आणलेल्या. आम्ही विचारले, इथल्या? त्या म्हणाल्या, "इथल्या नका खाऊ, काका. रॉकेलचा वास येतो."

रॉकेलचा वास. आम्ही पुस्तकात वाचले ते त्यानंतर. शिंपली अन्न शोधत हिंडत नाही. ती एका जागी राहून पाणी आत ओढते, गाळते, सोडते. तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त. पाण्यात जे असेल ते तिच्यात साठते. शेवाळातले पोषण साठते तसे सांडपाण्यातले जंतू साठतात, आणि कारखान्यातून आलेले जड धातूही. मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास ठेवली की ती वाळू सोडते. आई म्हणायची "पोट साफ करते". वाळू सोडते हे खरे. शिसे आणि पारा सोडत नाही. उकळीने जंतू मरतात, धातू मरत नाहीत.

कासाडी नदी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीजवळून आपल्याकडे येते. 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळी झालेली भटकी कुत्री दिसली, त्यांची छायाचित्रे जगभर छापून आली. रंगाच्या पाण्यात शिरलेली ती कुत्री होती. त्या निमित्ताने एक कारखाना बंद करण्यात आला, नदीचे प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. कुत्रा निळा झाला म्हणून दिसला. त्याच नदीच्या मुखाशी चिखलात बसलेली शिवली निळी होत नाही. ती दिसायला तशीच, चवीलाही बहुतेक वेळा तशीच.

इथे परत अमेरिकेकडे जाऊ, आणि आज आम्हाला सांगायचे ते हेच. 1939 च्या टोमॅटो-विधेयकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, कारण ती विनोदी आहे. त्याच्या चौदा वर्षे आधीची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. 1924-25 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन या शहरांत विषमज्वराची साथ आली. दीड हजाराच्या आसपास रुग्ण, दीडशेच्या आसपास मृत्यू. माग काढला तर तो सांडपाण्यातल्या कालवांपाशी पोचला. लोकांनी कालवे खाणे सोडले, धंदा बसला. मग 1925 मध्ये सरकार, राज्ये आणि धंदेवाले यांनी मिळून एक व्यवस्था उभी केली: ज्या पाण्यातून शिंपले काढायचे त्या पाण्याची तपासणी, पाण्याचे वर्ग, घाण पाण्याला बंदी, आणि पोत्यावर चिठ्ठी, की हा माल कुठल्या पाण्यातला. आजही ती चालू आहे. चाउडर टिकला तो टोमॅटोवरच्या भांडणामुळे टिकला असे न्यू इंग्लंडवाल्यांना वाटत असेल तर वाटो. आम्हाला तो त्या चिठ्ठीमुळे टिकला असे वाटते.

आपल्याकडे हे जमणारच नाही असे कोणी म्हणू नये. केरळातल्या अष्टमुडी तलावातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला 2014 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले, भारतातले पहिले. ते मासेमारी टिकाऊ असण्याबद्दलचे होते, पाण्याच्या तपासणीचे नव्हे, हे मान्य. पण कुठला शिंपला, कुठल्या पाण्यातला, किती आकाराचा काढायचा, कधी थांबायचे, हे तिथे काढणाऱ्यांनीच ठरवून पाळले. आमच्या बाजारात आम्ही गेली कित्येक वर्षे पाट्यांवर वाकून विचारतो, "कुठल्या?" उत्तर मिळते ते विकणारीच्या शब्दावर. कधी "अलिबाग", कधी "रत्नागिरी", कधी नुसतेच "ताज्या आहेत, काका". एकदा अशाच एका ठिकाणाहून घेतल्या, आणि दोन दिवस अंथरुणात काढले. दोष त्या बाईला देत नाही. तिलाही कोणी सांगितलेले नव्हते.

घरातल्या वादाचे पुढे काय झाले, असे मगाशी मध्यंतरात कोणी विचारले. आई 2003 मध्ये गेली. त्यानंतर आमच्या सौ. एक दिवस बटाटा घालून, नारळ न घालता, चिंचेचे कालवण करायला बसल्या. आम्ही काही बोललो नाही. जेवताना त्याच म्हणाल्या, "बरं लागतं की." तिसऱ्या त्या दिवशी रत्नागिरीहून आलेल्या होत्या. म्हणजे माल मुळ्यांच्या गावचा, कृती अलिबागची, हात वेंगुर्ल्याचा, आणि जेवण कळंबोलीत. नागसेनाला विचारावे लागेल.

कृती विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगून थांबतो, कारण तीन चिठ्ठ्या त्याच आल्या आहेत. शिंपल्या घट्ट मिटलेल्या घ्याव्यात. उघडी असेल तर टिचकी मारावी, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाजूला. एकमेकींवर चोळून चार-पाच पाण्यांत धुवायच्या. मिठाच्या पाण्यात दोन-तीन तास. विळीवर उघडता येत असतील तर उत्तम, खाली वाडगे ठेवून. येत नसतील तर कोरड्या पातेल्यात झाकण घालून तीन-चार मिनिटे आच द्या, आपोआप उघडतात. ज्या उघडत नाहीत त्या टाकून द्या. पाणी फडक्यातून गाळून ठेवा. तेलात ठेचलेला लसूण, कांदा, हळद, घरचा मसाला, हवा तर बटाटा, आणि ते गाळलेले पाणी. बटाटा शिजला की शिवल्या घाला आणि पाच मिनिटांच्या वर ठेवू नका, रबर होते. चिंच किंवा आमसूल शेवटी. चव बघून मगच मीठ. नारळाचे तुमचे तुम्ही ठरवा, त्यावर आम्ही आता बोलत नाही.

आणि घेताना विचारा, कुठल्या पाण्यातल्या. उत्तर मिळाले नाही तर त्या दिवशी सुकट करा.